पार्ल्याचें बिस्कीट व आपला गहूं

मुंबईच्या उपनगरांत सांताक्रूझच्या पूर्वेस वाकोला म्हणून वस्ती आहे. एके काळीं साष्टींतील इतर गांवांप्रमाणें याहि बाजूस भाताचीं खाचरें होतीं. आज तेथें चाळी, इमारती व दुकानें यांवांचून दुसरें फारसें कांहीं दिसत नाहीं. अशा वस्तींतील कोणत्याहि किराणा दुकानांत गेलें, तरी साबण, चहा व काड्यापेट्या यांच्या रांगेंत पांच रुपयांची ग्लुकोज बिस्किटांची पुडी असावयाचीच. या पुडीवरील नांव वाकोल्याहून फार दूरचें नाहीं. विमानतळाच्या पलीकडे विलेपार्लें आहे. तेथें १९२९ सालीं निघालेल्या कारखान्यानें गांवाचेंच नांव घेतलें व तें देशभर नेलें. तो मूळचा कारखाना २०१६ च्या जुलै महिन्यांत बंद झाला. बिस्कीट मात्र बंद झालें नाहीं, आणि त्याचा खपहि थांबला नाहीं.

चुलीचें घर मोडलें तरी स्वयंपाक चालू राहिला, असा हा प्रकार आहे. आमच्या शेतकरी बंधूंपुढें तो मांडण्यास कारणहि तसेंच आहे. अलीकडे गांवोगांवच्या सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्या धान्यावर, डाळीवर व फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने काढूं पाहत आहेत. पिठाची गिरणी, डाळमिल, बिस्किटांची भट्टी अशा योजना सभेपुढें येतात. यंत्रांचें दरपत्रक वाचून दाखविलें जातें. गहूं घरचा असल्यामुळें तो स्वस्तच पडणार असें गृहीत धरलें जातें. आणि कर्जाचा ठराव टाळ्यांच्या गजरांत मंजूर होतो. ज्या कर्जापायीं सभासदांच्या जमिनी तारण राहावयाच्या, त्याच्या बाबतींत एवढाच हिशेब पुरा पडत नाहीं. कारखानदाराला वरचढपणा कशानें मिळतो, तो यंत्रानें मिळतो कीं आणखी कशानें, याचा निवाडा आधीं झाला पाहिजे.

असा निवाडा करण्याची एक पद्धति हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत घालून दिली. तिला मूल्यसाखळीचें पृथक्करण म्हणतात. नांव जड असलें तरी कल्पना आपल्या घरच्या हिशेबासारखी आहे. कारखाना म्हणजे एक वस्तु न मानतां ती कामांची साखळी मानावयाची. कच्चा माल आणून साठविणें, त्याचा पक्का माल करणें, तो बाजारांत पोंचविणें, गिऱ्हाइकाच्या मनांत भरवून विकणें आणि विकल्यावर त्याची जबाबदारी घेणें, अशीं हीं मुख्य कामें होत. त्यांच्या पाठीशीं खरेदीची हुशारी, यंत्रविद्या, माणसांची निवड व एकंदर कारभार हीं सर्व कड्यांना पुरणारीं कामें असतात. मग प्रत्येक कडीपुढें दोन आंकडे मांडावयाचे : या कामास आपणांस पडतें किती, आणि या कामामुळें गिऱ्हाईक अधिक देतें किती. ज्या कारखानदारास एखाद्या कडींत इतरांपेक्षां खर्च कमी पडतो, किंवा एखाद्या कडीमुळें त्याचा माल निराळा ठरून त्यास जास्त दाम मिळतो, तोच टिकतो. पोर्टरसाहेबांचें याहून महत्त्वाचें सांगणें असें कीं, नफा पुष्कळदां कडींत नसून दोन कड्यांच्या सांध्यांत असतो. हें सांध्याचें प्रकरण पुढें येईलच.

आतां पुडी फोडून पाहूं. कांहीं वर्षांपूर्वीं पांच रुपयांच्या पुडींत ५५ ग्रॅम माल येत असे. म्हणजे बिस्किटाचा भाव किलोस सुमारें ९१ रुपये झाला. वेष्टणावरील तक्त्यावरून शंभर ग्रॅमांत साखर २५ ग्रॅमांच्या आसपास असते, आणि एकंदर पदार्थांचा ताळा घातला तर मैदा दोन तृतीयांशांच्या जवळपास येतो. तेव्हां एका पुडींत मैदा ३६ ते ३७ ग्रॅम. शंभर किलो गव्हांतून ७२ किलो मैदा निघतो असें धरलें, तर या मैद्यास सुमारें ५० ग्रॅम गहूं लागला. २०२३ च्या हंगामांत गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,१२५ रुपये होती. त्या दरानें ५० ग्रॅम गव्हाचे एक रुपया सहा पैसे होतात. शिवाय मागें राहणारा कोंडा गुरांच्या खाद्यासाठीं विकला जातो, तो निराळाच. साखर १४ ग्रॅम. कारखान्यांतून विकावयाच्या साखरेचा २०१९ पासून ठरलेला किमान दर किलोस ३१ रुपये, त्या हिशेबानें ४३ पैसे. त्या वेळीं बिस्किटांवर शेंकडा १८ वस्तु व सेवा कर होता, तो पांच रुपयांत ७६ पैसे. बाकी राहिलेल्या पावणेतीन रुपयांत तेल, दुधाची भुकटी, खार, सरपण, मजुरी, वेष्टण, खोकीं, गाडीभाडें, घाऊक व्यापारी, वाकोल्याचा दुकानदार, जाहिरात आणि कारखानदाराचा नफा हें सर्व बसवावयाचें.

हा हिशेब ढोबळ आहे, बाजारभावाप्रमाणें तो थोडा इकडेतिकडे होईल. परंतु त्यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही कीं, गहूं पिकविणाऱ्याच्या वांट्यास पुडीच्या किंमतीचा साधारण पांचवा हिस्सा येतो. दुसरी, व आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगी, ही कीं गहूं अगदीं फुकट मिळाला तरी चार रुपयांचा खर्च शिल्लक राहतोच. "माल आमचा, मग कारखान्याचा नफाहि आमचाच" असें म्हणणारानें हे चार रुपये कोठें जातात तें पाहिलें पाहिजे. ते सर्वच्या सर्व कोणी लुटून नेतो असें समजणें ही स्वतःचीच फसवणूक होय.

पार्ल्याच्या कारखान्याचे संस्थापक मोहनलाल दयाळ चौहान हे कापडाच्या धंद्यांतले. बिस्किटापूर्वीं त्यांनीं गोळ्या व मिठाई करण्यास आरंभ केला व त्यासाठीं जर्मनीहून यंत्रें आणविलीं. बिस्किटें निघालीं तीं १९३९ च्या सुमारास. तेव्हां बिस्कीट म्हटलें कीं तें विलायती, महाग व साहेबाच्या टेबलावरचें. आपल्याकडे तर परक्याच्या हातच्या खाद्यपेयाविषयीं मनें किती हळवीं होतीं, हें पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनांतील चहावरून उठलेल्या ग्रामण्यावरून आठवावें. अशा समाजांत देशी कारखान्याचें, स्वस्त व सर्वत्र सारखें असें बिस्कीट विकणें म्हणजे आधीं विश्वास विकणें होतें. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं मागणी आली. १९४७ मध्यें फाळणीमुळें गव्हाचे मोठे प्रांत पाकिस्तानांत गेले व इकडे गव्हाची टंचाई पडली, तेव्हां या कारखान्यानें जवाचीं बिस्किटें काढलीं आणि गव्हाचा पुरवठा सुरळीत होईपर्यंत तींच गोड मानून घ्यावीं, अशी गिऱ्हाइकांस जाहिरातींतून विनंती केली. कच्च्या मालाची कडी तुटली असतां नांवाच्या कडीनें वेळ मारून नेली, असें याचें वर्णन करतां येईल. पुढें ग्लुको हें नांव जो तो लावूं लागला. तेव्हां १९८२ सालीं "पार्ले-जी" असें नांव घेऊन या मालकानें आपला माल इतरांपासून वेगळा ओळखूं येईल अशी तजवीज केली. मैद्याचा एक कणहि न बदलतां केलेलें हें काम होतें, पण त्यावर पुढील सारी विक्री उभी आहे.

आतां सांध्यांकडे वळूं. आणि पहिला सांधा आपल्या शेतांतलाच घेऊं.

पोळीस जो गहूं चांगला तो बिस्किटास चांगला नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गव्हांतील ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळें कणीक ताणली जाते व पोळी मऊ राहते. तोच गुण बिस्किटाच्या भट्टीवर दोष ठरतो. लाटलेली पट्टी सांच्यानें कापली कीं ग्लुटेनच्या ताणामुळें तुकडा आखडतो, भाजतांना त्याचा आकार बिघडतो, जाडी कमीअधिक होते. कोणी म्हणेल, थोडें वांकडें बिस्कीट खावयास काय वाईट? खावयास कांहींच नाहीं. परंतु जाडी बदलली कीं ठराविक संख्येची चळत ठराविक लांबीच्या वेष्टणांत बसत नाहीं. वेष्टणाचें यंत्र अडतें, पुडीचें वजन चुकतें, तुकडे पडतात. म्हणजे गव्हाच्या जातींतील दोष भट्टीवर दिसतो आणि त्याचा दंड वेष्टणाच्या यंत्रावर भरावा लागतो. आपल्या देशांत पिकणारा बहुतेक गहूं टणक व मध्यम टणक दाण्याचा असल्यामुळें कारखानदार पिठांतील ताण मोडण्यास एक द्रव्य घालतात. पुडीवरील घटकांच्या यादींत २२३ या आंकड्यानें दाखविलेलें सोडियम मेटाबायसल्फाइट तें हेंच. मऊ दाण्याचा गहूं मिळाल्यास हें काम सोपें होतें. कर्नाल येथील गहूं संशोधन संस्थेनें बिस्किटांस योग्य म्हणून नांवाजलेला एच्.एस्. ४९० हा वाण तशाच मऊ दाण्याचा आहे. पण तो उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशासाठीं काढलेला आहे, आपल्या दख्खनच्या हवेसाठीं नव्हे. तरी मुद्दा राहतोच. गिरणीवाल्यास किंवा बिस्किटवाल्यास एकाच गुणाचा, न मिसळलेला गहूं वर्षभर मिळाला, तर त्याचे पुढल्या दोन-तीन कड्यांतील पैसे वांचतात. आणि ते वांचतात म्हणूनच त्यांतला कांहीं भाग मागण्याचा हक्क पिकविणारास पोंचतो. चार जातींचा गहूं एका ढिगांत ओतून बाजारांत नेणारास हा हक्क सांगतां येत नाहीं.

दुसरा सांधा गाडीभाड्याचा. ऊंस पिकविणाऱ्या वाचकांस हा लगेच समजेल. दहा क्विंटल उंसांतून साखर निघते एक क्विंटलच्या आसपास, आणि तोडलेला ऊंस वाळूं लागला कीं उतारा घटतो. म्हणून साखरेचा कारखाना उंसाच्या फडाजवळ असावा लागतो. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी कारखाना उभा राहिला, तो लोणीच्या शिवारांत; मुंबईच्या गोदींत नव्हे. बिस्किटाची गोष्ट बरोबर उलट. गहूं पोत्यांत दाबून भरतां येतो, टिकतो, आणि मालगाडीनें स्वस्तांत जातो. बिस्कीट हलकें, पोकळ व ठिसूळ. त्याच्या खोक्यांनीं गाडी भरते, पण वजन भरत नाहीं, आणि हादऱ्यांनीं तुकडे होतात तें वेगळेंच. म्हणून बिस्किटाची भट्टी खाणाऱ्याच्या जवळ असावी, हें शहाणपणाचें. पार्ल्याच्या मालकांनीं हरियाणांत बहादूरगड, राजस्थानांत नीमराणा अशा ठिकाणीं कारखाने घातले. शिवाय प्रांतोप्रांतीं दुसऱ्यांच्या मालकीच्या भट्ट्यांतून आपल्या कृतीप्रमाणें व आपल्या देखरेखीखालीं माल करून घेण्याची व्यवस्था केली. भट्टी दुसऱ्याची, पण खरेदी, कृति, वेष्टण व नांव आपलें. विलेपार्ल्याची महागडी जागा, तेथील जुनी यंत्रें व कमी होत गेलेलें उत्पादन लक्षांत घेतां मूळ कारखाना बंद करणें त्यांस शक्य झालें तें यामुळेंच. जी कडी सोडून देण्यासारखी होती ती त्यांनीं सोडली. ज्या कड्या सोडल्यानें धंदाच जाता, त्यांना हात लावूं दिला नाहीं. तेथें पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कामगारांच्या दृष्टीनें ही गोष्ट इतक्या थंडपणें बोलण्यासारखी नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

तिसरा सांधा किंमतीचा व वजनाचा आहे, आणि यांत कारखानदाराचा धोरणीपणा सर्वांत अधिक दिसतो. १९९४ पासून पुढें बरींच वर्षें शंभर ग्रॅमांची पुडी चार रुपयांस मिळे. २००४ च्या सुमारास किंमत पन्नास पैशांनीं वाढवून पाहिली, तों खप इतका घसरला कीं वाढ मागें घ्यावी लागली. गरीब गिऱ्हाईक मुठींत नाणें घेऊन दुकानांत येतें. त्याला साडेचार रुपये ही किंमत नसून अडचण आहे. यानंतर कारखान्यानें किंमतीस हात न लावतां वजन ९२॥ ग्रॅमांवर, मग ८८ ग्रॅमांवर आणलें. पुढें पुडी पांच रुपयांची झाली तरी वजन उतरतच गेलें. हें नीतीच्या कांट्यावर कसें उतरतें, हा प्रश्न रास्त आहे. वजन पुडीवर छापलेलें असतें खरें, पण छापलेलें वाचतो कोण? असो. धंद्याच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं विक्रीची किंमत खिळ्यानें ठोकलेली, आणि गहूं, साखर, तेल व सरपण यांचे भाव मात्र मोकाट. अशा स्थितींत प्रत्येक कडींतून पैसा-अर्धा पैसा काढीत राहणें एवढाच मार्ग उरतो. मेणकागदाच्या जागीं प्लॅस्टिकचें पातळ वेष्टण आलें, त्यानें ओल अडविली आणि खर्चहि आंवरला. १९९७ सालीं ब्रिटानियानें "टायगर" नांवाचें ग्लुकोज बिस्कीट बाजारांत आणून जोराची चढाओढ सुरू केली, तरी स्वस्ताईच्या या किल्ल्यास कोणी मोठें खिंडार पाडूं शकलें नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत, लोक शहरांतून पायीं गांवाकडे निघाले असतां, याच पुडीचा खप पूर्वीं कधीं झाला नव्हता इतका झाला, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें.

सरकारी कराची कडीहि विसरतां कामा नये. किलोस शंभर रुपयांहून कमी भावाच्या बिस्किटांस पूर्वीं अबकारी कर माफ होता. १ जुलै २०१७ पासून स्वस्त-महाग असा भेद न ठेवतां सर्वांवर शेंकडा १८ कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेंकडा पांचवर आला. पांच रुपयांच्या पुडीवर ७६ पैशांचे २४ पैसे झाले. ज्या धंद्यांत पैशापैशासाठीं झगडा चालतो, त्यांत एका सहीनें ५२ पैसे येतात किंवा जातात, हें संस्थेच्या योजनेंत कोठें लिहिलेलें असतें काय?

एक कडी मात्र कारखानदाराच्या वहींत सहसा दिसत नाहीं. ती पुन्हां वाकोल्यासच पाहावयास मिळते. वाकोला नाला मिठी नदीस मिळतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला व या सर्व भागाची दाणादाण उडाली. त्या आपत्तीस नदीवरील अतिक्रमणें कारणीभूत झालीं, त्याप्रमाणेंच गटारें व नाले तुंबविणारें प्लॅस्टिकहि झालें. पुडीचें वेष्टण कारखानदारास स्वस्त पडतें, कारण तें उचलण्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला जातो.

आतां आपल्या संस्थेनें यांतून काय घ्यावें? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, पांच रुपयांच्या ग्लुकोज बिस्किटाच्या वाटेस शेतकऱ्यांच्या लहान संस्थेनें जाऊं नये. गहूं घरचा असण्यानें जो फायदा दिसतो तो फार तर पुडीमागें दहापांच पैशांचा. तेल परदेशांतून आलेलें, वेष्टणाचें यंत्र कर्जाचें, दुकानदार अनोळखी, आणि समोर ऐंशी वर्षांहून जुनें नांव. ज्या धंद्यांत खर्च कमी असणें हाच एक वरचढपणा, तेथें लहान भट्टीस वरचढ होतां येत नाहीं. संस्थेस बिस्किटांचाच हव्यास असेल, तर नांव व विक्री ज्याची आहे अशा कारखानदारासाठीं त्याच्या कृतीनें माल करून देणें हा एक मार्ग आहे. पण त्यांत मोबदला मजुरीपुरता, आणि करार तुटला कीं भट्टी थंड.

दुसरी वाट निराळेपणाची. सांगली, सातारा, कोल्हापूर व बेळगांव या पट्ट्यांत खपली गहूं पूर्वापार होतो. खिरीस व लापशीस त्याचा मान आहे, व शहरांत त्यास साध्या गव्हाहून चढा भाव मिळतो. या गव्हाचें टरफल दाण्यास घट्ट चिकटलेलें असतें. मळणीनंतर तो सडावा लागतो. शेतकरी पुष्कळदां टरफलासह विकतो आणि सडण्याची, निवडण्याची, शुद्धतेची हमी देण्याची व पिशवींत भरण्याची सारी कामें दुसऱ्याच्या हातीं जातात. येथें संस्थेस हात घालण्याजोगी कडी आहे : सडण्याचें यंत्र बिस्किटाच्या भट्टीइतकें अवाढव्य नाहीं, कच्चा माल याच मुलखांतला आहे, आणि शुद्ध बियाण्यापासून भरलेल्या पिशवीपर्यंत एकच हात असल्यास भेसळ नाहीं असें छातीठोकपणें सांगतां येतें. मोठ्या कारखानदारास हेंच सांगणें कठीण जातें.

मात्र यासहि आधीं वही पाहिजे. संस्थेच्या चालकांनीं मागील हंगामांतील शंभर क्विंटल गहूं घ्यावा आणि तो खळ्यावरून निघाल्यापासून शहरांतील गिऱ्हाइकाच्या डब्यांत पडेपर्यंत कोणाच्या हातून गेला, प्रत्येक हातीं त्याचें काय झालें, भाव किती चढला, वजन किती घटलें, हें एका कागदावर क्रमानें लिहावें. अडत, हमाली, तोलाई, चाळणी, पोतें, भाडें यांपैकीं एकहि रकम "किरकोळ" या सदरांत ढकलूं नये. पार्ल्याचा धंदा किरकोळीवरच उभा आहे. त्यानंतर वाकोल्यासारख्या वस्तींतील चार दुकानदारांस विचारावें कीं गिऱ्हाईक गव्हाविषयीं तक्रार काय करतें. खडे, किडे, दर खेपेस बदलणारा वाण, हींच उत्तरें बहुधा येतील. आणि या तिन्हींचा उगम गोदामांत आहे. म्हणून ज्या संस्थेजवळ आज थोडेंच भांडवल आहे, तिनें पहिला पैसा भट्टीवर न घालतां वाणवार निरनिराळ्या कोठ्यांवर, चाळणीवर व ओल मोजण्याच्या यंत्रावर घालावा. आणि शेंकडा बाराहून अधिक ओल असलेला गहूं, तो अध्यक्षांच्या शेतचा असला तरी, कोठींत घेऊं नये.